जुन्या गाडीचा एक्झॉस्ट : पूर्ण संच बदलावा की फक्त गेलेला भाग?

चौथा_गिअर :

माझ्याकडे पंधरा वर्षांहून जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहेत, परंतु गेल्या काही महिन्यांत एक्झॉस्टचा आवाज वाढत गेला आहे. सुरुवातीला तो चढावर जोर दिल्यावरच जाणवत असे. आता गाडी जागेवर उभी असतानाही मागून घरघर ऐकू येते. शिवाय थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटच्या बाजूने बारीक टकटक येते आणि इंजिन तापले की ती बरीचशी मावळते. ॲव्हरेज घटले आहे आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो.

गॅरेजमध्ये दाखवल्यावर मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांतला धूर एका नळीत गोळा करणारा भाग) टेलपाइपपर्यंत (धूर बाहेर सोडणारे मागचे टोक) सगळा संच बदला, असे सांगण्यात आले. सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या जवळपास जातो. ही गाडी आणखी तीन-चार वर्षे वापरायची माझी इच्छा आहे, पण तिच्या किमतीएवढे पैसे तिच्यात घालण्याची तयारी नाही. नेमका कोणता भाग गेला आहे हे मला स्वतःला कसे ओळखता येईल? मूळ भागाऐवजी बाजारातला पर्यायी भाग किंवा भंगारातला भाग घेणे कितपत शहाणपणाचे ठरेल? आणि यातले काय घरी करण्याजोगे आहे? माझ्याकडे पान्यांचा साधा संच आणि जॅक आहे. वेल्डिंग येत नाही.

पाना_पक्कड :

तुम्ही लिहिलेली लक्षणे एका बिघाडाची नाहीत, दोन निरनिराळ्या बिघाडांची आहेत. ती वेगळी केली तर खर्चाचा आकडा आपोआप खाली येईल.

आधी पुढची टकटक पाहू. थंड इंजिनावर येणारा आणि तापल्यावर बंद होणारा आवाज बहुतेक वेळा मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या पॅकिंगमधून येतो, किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या तड्यातून येतो. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. ही गळती लहान दिसते, पण तुमचे पेट्रोल बहुधा तीच खाते आहे. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे अशी समजूत करून घेऊन इंजिनाचा संगणक आणखी पेट्रोल सोडू लागतो. घटलेले ॲव्हरेज आणि पिवळा दिवा या दोहोंचे उत्तर इथे असण्याची दाट शक्यता आहे. मागच्या सायलेन्सरला पडलेले भोक कितीही गर्जना करत असले, तरी ते सेन्सरच्या बरेच मागे असल्यामुळे मिश्रणावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून आवाजाच्या मागे न लागता पैसे आधी पुढच्या पॅकिंगवर खर्च करा. सगळ्या संचात सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ती एक आहे, मजुरी मात्र थोडी लागते.

मागची घरघर म्हणजे शेवटचा सायलेन्सर, यात मला फारशी शंका नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिनाजवळचा भाग लवकर तापतो, त्यामुळे तिथे वाफ टिकत नाही. शेवटचा डबा सगळ्यांत थंड असतो, आणि गाडी रोज जवळच्या जवळ फिरत असेल तर तो पुरता तापण्याआधीच इंजिन बंद होते. वाफेचे पाणी डब्याच्या तळाशी साचते, त्यात ज्वलनातली आम्ले उतरतात, आणि डबा आतून सडू लागतो. बाहेरून केवळ तांबूस दिसणारा सायलेन्सर आतून पोखरलेला असतो तो यामुळेच.

तपासणी गाडी पूर्ण थंड असताना करा. जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या मुठीकडून नळीवर जागोजाग हलकेच ठोका. पत्रा शाबूत असेल तर खणखणीत आवाज येतो. गंज आत गेला असेल तर बद्द आवाज येतो आणि पापुद्रे खाली पडतात. बद्द वाजले तिथे टोक टेकवून जरा दाबा. टोक आत गेले तर तो भाग संपला, वर कितीही रंग असला तरी. सायलेन्सरच्या खालच्या शिवणीकडे आणि नळ्या डब्यात शिरतात त्या जागांकडे विशेष लक्ष द्या. तिथे एखादे अगदी बारीक, गोल, स्वच्छ कडेचे छिद्र दिसले तर घाबरू नका. पाणी निघून जावे म्हणून कारखान्यातच ते पाडलेले असते. त्यानंतर थंड इंजिन सुरू करून एखाद्याला जाड हातमोजा घालून घडी केलेले फडके टेलपाइपवर दोन-तीन सेकंद धरायला सांगा. आतला दाब वाढला की गळतीच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. सांध्यावर काळ्या काजळीचा पिसाऱ्यासारखा पसरलेला डाग दिसला तर तेथून वायू निसटतो आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

गाडीखाली जाताना केवळ जॅकच्या भरवशावर राहू नका. जमीन कडक आणि सपाट हवी, चाकांना अडसर हवा, गाडी स्टँडवर टेकलेली हवी, आणि आत शिरण्यापूर्वी तिला बाजूने हलवून पाहायला हवे. डोळ्यांना चष्मा लावा, कारण गंज नेमका डोळ्यांतच पडतो.

लोहभस्म :

वरच्या प्रतिसादातील निदान पटले, पण ‘फक्त गेलेला भाग बदला’ हा नियम सरसकट लावू नये, असे माझे मत आहे. जुन्या एक्झॉस्टमध्ये भागापेक्षा भाग सोडवण्याचे काम अवघड असते. आज मागचा सायलेन्सर बदलला, वर्षभराने मधली नळी गेली, म्हणजे तोच सांधा पुन्हा उघडा, पुन्हा बोल्ट कापा, पुन्हा मजुरी द्या. सोन्यापेक्षा घडणावळ महाग, असा हा प्रकार होतो. मधली नळी ठोकून पाहिल्यावर जरा जरी बद्द वाजली, तर मधला आणि मागचा भाग एकाच वेळी बदलणे एकूण हिशोबात स्वस्त पडते. ती खणखणीत वाजली तर मात्र तिला हात लावू नका, हेही तितकेच खरे.

आता कोणत्या धातूचा भाग घ्यावा, ते पाहू. सर्वांत स्वस्त भाग साध्या पोलादाचे असतात आणि त्यांवर नुसता काळा रंग असतो; दमट हवेत आणि छोट्या फेऱ्यांत ते फार टिकत नाहीत. त्यावरची पायरी म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचा मुलामा दिलेले पोलाद. तीन-चार वर्षांच्या तुमच्या बेतासाठी ते पुरेसे आहे आणि त्याहून महागाचे काही घेण्याची गरज मला दिसत नाही. स्टेनलेस म्हणून जे विकले जाते त्यात दोन मुख्य जाती आहेत. ४०९ या जातीत क्रोमियम सुमारे ११ टक्के असते. तिला लोहचुंबक चिकटतो, वरवर तांबूस गंजही चढतो, पण ती आरपार सडायला वेळ लागतो, आणि अनेक गाड्यांचे मूळ एक्झॉस्ट याच जातीचे असतात. ३०४ या जातीत क्रोमियम सुमारे १८ आणि निकेल सुमारे ८ टक्के असते, तिला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि तिची किंमतही त्या मानाने असते. ३०४ ची किंमत सांगणाऱ्याच्या नळीला तुमचा चुंबक टपकन चिकटला, तर पुढची बोलणी त्या हिशोबाने करावी.

मुलाम्याच्या नळीला वेल्डिंग केले की त्या जागेवरचा मुलामा जळून जातो आणि पुढे गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून सांधा थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून त्यावर उष्णता सोसणारा रंग लावून घ्यावा. नळीच्या आतल्या बाजूला असा रंग पोहोचत नाही, त्यामुळे शक्य तिथे वेल्डिंगऐवजी क्लॅम्पचा सांधा पत्करावा.

भंगारातल्या भागांबद्दल सांगायचे तर सायलेन्सर तिथून घेऊच नये. तुमच्या डब्याला जे झाले तेच त्याच वयाच्या दुसऱ्या डब्याला आतून झालेले असते आणि ते विकत घेताना दिसत नाही. बिडाचा मॅनिफोल्ड मात्र जुना घ्यायला हरकत नाही, कारण बीड सहसा सडत नाही, त्याला तडा जातो किंवा ते वाकते. त्याच्या हेडला टेकणाऱ्या पृष्ठभागावर सरळ पट्टी उभी धरून पलीकडचा उजेड पाहिला की वाक समजतो, आणि घासून साफ केल्यावर नळ्यांच्या बेचक्यात बारीक तडे शोधता येतात. पॅकिंग, रबरी हँगर (नळी गाडीखाली लटकवून धरणारे) आणि क्लॅम्प कधीही वापरलेले घेऊ नयेत.

ठिणगी :

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याचा) विषय अजून कोणी काढला नाही. संचाचा आकडा फुगतो तो बहुधा त्याच्यामुळेच, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. तो बदलायला हो म्हणण्यापूर्वी साध्या स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) बिघाडाचे कोड वाचून घ्या. पी०४२० हा कोड दिसला की कन्व्हर्टर गेला असे सरळ सांगितले जाते. वास्तविक त्या कोडचा अर्थ कन्व्हर्टरच्या मागे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते आहे, एवढाच आहे. पुढे किंवा मध्ये गळती असेल तर आत शिरलेल्या हवेमुळेही तसे दिसू शकते. म्हणून आधी गळती बुजवा, कोड पुसा, काही दिवस गाडी चालवा आणि दिवा पुन्हा लागतो का ते पाहा.

कन्व्हर्टर खरोखर गेल्याची दोन लक्षणे घरच्या घरी कळतात. थंड असताना त्यावर मूठ आपटल्यावर आतून खुळखुळ आली तर आतली चिनीमातीची जाळी फुटली आहे. जाळी वितळून वाट बुजली असेल तर गाडी कमी वेगात बरी चालते, पण जोर दिला की गुदमरल्यासारखी होते. अशा वेळी नवा कन्व्हर्टर घेण्याआधी जुना का मेला ते शोधावेच लागते. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटल्यामुळे) न जळलेले पेट्रोल आत जाऊन तिथे पेटत असेल, किंवा इंजिन ऑइल पीत असेल, तर नव्याचीही तीच गत होते.

काही जण जाळी फोडून रिकामा डबा बसवून देतात किंवा त्याजागी सरळ नळी जोडतात. हा स्वस्त मार्ग घेऊ नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे, प्रदूषण तपासणीत गाडी अडकते, पिवळा दिवा कायमचा लागतो आणि धुराला उग्र वास येतो तो वेगळाच. जाड नळी घातल्याने छोट्या इंजिनाची ताकद वाढते, हाही समज सोडून द्यावा.

चौथा_गिअर :

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. मागच्या सायलेन्सरची खालची शिवण हातभर उघडली आहे आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो. मधली नळी सगळीकडे खणखणीत वाजते, मात्र मागच्या फ्लँजचे (दोन नळ्या बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडेचे) दोन्ही बोल्ट गंजून इतके गोल झाले आहेत की त्यांवर पाना धरतच नाही. मागचा एक रबरी हँगर तुटलेला आहे. मॅनिफोल्डच्या एका टोकाला हेडवर काजळीचा डाग आहे. कन्व्हर्टर खुळखुळत नाही. स्कॅनरवर पी०१७१ आला, पी०४२० नाही. मॅनिफोल्डच्या खालच्या लवचीक नळीची जाळी एका बाजूने उसवली आहे, पण तिथे फुसफुस ऐकू आली नाही.

आता हे बोल्ट कसे सोडवावेत, आणि तोपर्यंत पट्टी किंवा लेप लावून गाडी चालवावी का?

पाना_पक्कड :

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याची नोंद, म्हणजे पुढच्या गळतीच्या तर्काला पुष्टी मिळाली. इनटेकच्या बाजूच्या रबरी नळ्यांना कुठे चीर नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या, कारण तिथून शिरणाऱ्या हवेनेही हाच कोड येतो.

फ्लँजमधून आरपार जाणारे बोल्ट वाचवण्याच्या नादी लागू नका. ते कापून टाकायचे आणि नवे घालायचे. हॅकसॉने कापले तर वेळ जातो, पण तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी मागच्या सायलेन्सरपासून किती जवळ आहे ते पाहिल्याशिवाय ग्राइंडर चालवू नये. टाकी किंवा पेट्रोलची नळी ठिणग्यांच्या टप्प्यात येत असेल तर हॅकसॉच बरा. मॅनिफोल्डच्या स्टडचे तंत्र मात्र अगदी निराळे आहे. ते हेडमध्ये आटे पाडून बसवलेले असतात आणि एखादा आतच तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आटे खराब होण्याचा धोका असतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि नट सोडवताना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर देऊन मग उलट फिरवा. थोडा हलला की पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. नट स्पंजासारखा मऊ लागू लागला, म्हणजे फिरतो आहे असे वाटते पण सुटत नाही, तर तिथेच थांबा, कारण स्टडला पीळ बसतो आहे. त्यापुढचे काम गॅरेजला द्या. तुमच्या बजेटमधली मजुरी खर्च करण्याची योग्य जागा तीच आहे.

ऑक्सिजन सेन्सर काढण्याची गरज नसेल तर त्याला हात लावू नका.

लोहभस्म :

मधली नळी खणखणीत वाजते, तेव्हा माझा आधीचा आग्रह मी इथे धरणार नाही. मागचा सायलेन्सर, पुढचे पॅकिंग आणि रबरी हँगर, एवढेच तुमचे काम आहे. हँगर सगळेच बदला. एक तुटला की नळीचे वजन इतरांवर आणि शेवटी पुढच्या लवचीक नळीवर येते. तिची जाळी उसवण्यामागे तेही कारण असू शकते. दुसरे कारण इंजिनाचे माउंटिंग (इंजिनाला आधार देणारी रबरी बैठक) खचलेले असणे हे असते. बॉनेट उघडून, कोणाला तरी ब्रेक दाबून क्लचवर किंचित जोर द्यायला सांगून, समोर उभे न राहता बाजूने पाहा. इंजिन उडी मारल्यासारखे हलत असेल तर माउंटिंग बदलल्याशिवाय नवी लवचीक नळीही टिकणार नाही. सध्या वायू निसटत नसल्यामुळे ती आज बदलायची घाई नाही. पुढे बदलावी लागली तर पूर्ण नळी न घेता तेवढाच तुकडा कापून त्याच लांबीचा आणि व्यासाचा नवा वेल्ड करून घेता येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढायला मात्र सांगा.

गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेला पर्यायी सायलेन्सर मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास सर्वसाधारण डबा बसवता येतो, पण माप अचूक हवे. व्हर्निअर (व्यास मोजायचे साधन) नसेल तर नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोक जुळते तिथे खूण करा आणि त्या लांबीला ३.१४ ने भागा. बाहेरचा व्यास मिळेल. दुकानात विचारताना बाहेरचा व्यास की आतला, हे स्पष्ट बोला, कारण एक नळी दुसरीत सरकवायची असते आणि तिथे एक-दोन मिलिमीटरनेच सगळे बिघडते. सरकवलेला भाग चार-पाच सेंटिमीटर तरी आत जायला हवा. यू आकाराचा क्लॅम्प स्वस्त असतो, पण तो नळीला चेपतो आणि पुढच्या वेळी सांधा सुटत नाही. रुंद पट्टीचा क्लॅम्प घेणे थोडे महाग असले तरी परवडते.

ठिणगी :

लेप आणि पट्टीबद्दल सांगतो. सरळ नळीवरच्या टाचणीएवढ्या भोकावर, गंज घासून काढून लावल्यास, लेप काही काळ टिकतो. हातभर उघडलेल्या शिवणीवर तो टिकणार नाही, आणि लवचीक नळीवर तर लावूच नये, कारण तिचे कामच वाकण्याचे आहे.

भाग येईपर्यंत गाडी चालवावीच लागली तर कार्बन मोनॉक्साइडचे भान ठेवा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ऑक्सिजनच्या तुलनेत तो हिमोग्लोबिनला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. हॅचबॅकचे मागचे दार उघडे किंवा अर्धवट बांधून गाडी चालवू नका, कारण मागे निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे धूर आत ओढला जातो. त्या दाराचे रबर आणि डिकीच्या तळातली रबरी बुचे शाबूत आहेत का ते पाहा. पंखा बाहेरची हवा घेणाऱ्या स्थितीत ठेवा, आणि बंद जागेत इंजिन सुरू ठेवून उभे राहू नका. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर गाडी थांबवून बाहेर पडा.

चौथा_गिअर :

पॅकिंगचे काम गॅरेजला देतो आणि मागचा सायलेन्सर मी स्वतः बसवतो. बसवताना क्रम कोणता ठेवावा?

पाना_पक्कड :

आधी सगळे नवे हँगर गाडीच्या आकड्यांवर चढवा. साबणाच्या पाण्याने ते सहज सरकतात, तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगते. मग सायलेन्सर लटकवा, फ्लँजमध्ये नवे पॅकिंग घाला, बोल्टच्या आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ (आटे अडकून बसू नयेत म्हणून लावायचा लेप) लावा आणि सगळे नट फक्त हाताने बसवा. गाडीखालून संपूर्ण नळी हलवून पाहा. ती ॲक्सल, टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि बंपर यांपैकी कशालाही टेकता कामा नये, आणि हँगर तिरपे ताणलेले नसावेत. हे जुळले की पुढून मागे असे आवळत या, आणि फ्लँजचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा, नाहीतर पॅकिंग एका बाजूने दबते.

इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे नव्या डब्यावरून पांढरट धूर आणि जळका वास येईल. तो कारखान्यातल्या तेलाचा आणि रंगाचा असतो, म्हणून हे मोकळ्या जागेत करा. टेलपाइपमधून पाणी ठिबकले तर तेही ठीकच आहे. दोन-चार वेळा गाडी पुरती तापून थंड झाली, की थंड असतानाच बोल्ट आणि क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या, आणि अधूनमधून गाडी इतकी लांब न्या की मागचा डबा चांगला तापून आतले पाणी वाळेल.